अरुंधती दिसते का?

गेली तीसेक वर्षे मी तुम्हाला बियाणे, खत आणि कीड यांच्याविषयीच सांगत आलो. पेरणीआधी बीजप्रक्रिया करा, माती तपासून घ्या, हरभऱ्यावर घाटेअळी दिसली की वेळीच उपाय करा, हे सांगून सांगून माझा घसा बसला आणि तुमचे कान किटले. आज त्यातले काही सांगणार नाही. आज एवढेच सांगतो की, रात्रीची जेवणे झाली म्हणजे अंगणात या आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांनाही हाताला धरून बाहेर आणा. असे का, ते पुढे कळेलच.

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. चैत्र-वैशाखाचे दिवस असतील आणि रात्रीचे नऊ वाजले असतील, तर समोर बऱ्याच उंचीवर सात ठळक तारे दिसतील. चार तारे चौकोनात आणि तीन त्याच्यामागे शेपटासारखे. हे सप्तर्षी. आमची आजी मात्र त्यांना सप्तर्षी म्हणत नसे. ती म्हणायची 'बाज'. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. म्हातारी रात्रभर डोळा मिटत नाही, म्हणून चोरांना बाज नेता येत नाही. मधल्या चोराच्या खांद्यावर त्याचे पोर बसलेले आहे, अशी जोडही आजीने दिली होती.

पुढे मला कळले की ही गोष्ट काही आमच्या एका घरची नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी विदर्भातल्या गोंड लोकांचे आकाशाचे ज्ञान लिहून काढले. त्यातही हीच म्हातारीची खाट आणि हेच तीन चोर आहेत.

इंग्लंडातल्या शेतकऱ्याला या सात ताऱ्यांत नांगर दिसला. ग्रीक लोकांना अस्वल दिसले. त्यांची कथा अशी, की कॅलिस्टो नावाच्या एका सुंदर मुलीवर झ्यूस देवाचे मन बसले. त्याची बायको हेरा चिडली आणि ती मुलगी अस्वल झाली. झ्यूसने तिला आभाळात जागा दिली, तर हेराने समुद्राकडून वचन घेतले की हिला तुझ्या पाण्यात कधी अंघोळ करू द्यायची नाही. याचे कारण साधे आहे. ग्रीस आपल्यापेक्षा बराच उत्तरेला आहे आणि तिथून हे तारे मावळताना दिसत नसत. आपल्याकडे ते मावळतात. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी कितीही शोधलेत तरी सप्तर्षी सापडणार नाहीत, ते पहाटे ईशान्येला उगवलेले दिसतील. म्हणजे हे अस्वल आपल्याकडे येऊन सुखाने अंघोळ करते म्हणायचे! आपल्या वेदातही या ताऱ्यांना 'ऋक्ष' म्हटले आहे आणि ऋक्ष या शब्दाचा एक अर्थ अस्वल असाही आहे.

आता नावे लक्षात ठेवा. चौकोनाच्या ज्या बाजूला शेपूट नाही, तिथले दोन तारे क्रतु आणि पुलह. शेपटाच्या बाजूचे दोन पुलस्त्य आणि अत्रि. यातला अत्रि सातांत सर्वांत मंद. मग शेपटातले तीन अंगिरा, वसिष्ठ आणि टोकाचा मरीचि. यातला अंगिरा सर्वांत तेजस्वी. पुलहापासून क्रतूकडे मनाने रेघ ओढा आणि त्या दोघांत जेवढे अंतर आहे त्याच्या साधारण पाचपट तशीच पुढे न्या, म्हणजे ध्रुव तारा सापडेल. हात लांब करून मूठ आवळली तर ती आभाळाचे सुमारे १० अंश झाकते. आपल्या परंड्यातून ध्रुव क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर आहे, म्हणजे दोन मुठींना थोडा कमीच. तो फार तेजस्वी नाही, पण आपली जागा सोडत नाही.

आता शेपटातल्या मधल्या ताऱ्याकडे, वसिष्ठाकडे नीट बघा. त्याला अगदी खेटून एक बारीक तारा आहे. ती अरुंधती. आजीच्या गोष्टीतले चोराचे पोर ते हेच. महाभारताच्या वनपर्वात सांगितले आहे की, अग्नीला सात ऋषींच्या बायकांचा मोह पडला, तेव्हा स्वाहाने एकेकीचे रूप घेऊन त्याला फसवले. सहा जणींची रूपे तिला घेता आली, अरुंधतीचे मात्र घेता आले नाही. पुढे त्या सहा जणींवर संशय आला, नवऱ्यांनी त्यांना टाकले, आणि त्या कृत्तिका होऊन आभाळात वेगळ्या राहिल्या. नवऱ्याजवळ राहिली ती एकटी अरुंधती. म्हणून लग्नात नव्या नवरीला ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दाखवावेत असे आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. माझे लग्न भर दुपारी बाराच्या मुहूर्ताला लागले. गुरुजींनी मांडवाबाहेर नेऊन उन्हात बोट वर केले आणि म्हणाले, "दिसली म्हणा." आम्ही दोघांनी "दिसली" म्हटले. खरी अरुंधती मी माझ्या बायकोला महिनाभराने रानात दाखवली.

माझी स्वतःची ओळख अरुंधतीशी करून दिली ती आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. परंडा तालुक्यात आमची १४ एकर जमीन आणि एक विहीर. रब्बीची मालदांडी ज्वारी आणि थोडा गहू. मी शाळेत असताना रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देताना आप्पांबरोबर दारं धरायला जायचो. घरात घड्याळ होते, पण रानात ते कोण नेणार? आप्पा बाजेवर वेळ बघायचे. पौषात मध्यरात्रीच्या सुमारास सगळी बाज ईशान्येला क्षितिजाच्या वर निघते. तोपर्यंत अर्धे रान भिजले पाहिजे, असा त्यांचा हिशेब. पहाटे ती उत्तरेला उंच आली की मोटार बंद करायची वेळ जवळ आली. मला झोप येऊ लागली की ते म्हणायचे, "आरं, मधल्या चोराचं पोर दिसतंय का बग. दिसलं तर तुला झोप आली न्हाई." मी डोळे ताणून बघायचो आणि झोप खरोखरच उडायची.

मी परभणीला कृषी पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि बदलीच्या गावांना फिरू लागलो. शेती आप्पा आणि थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा बघत होते. आता सांगतो ती गोष्ट २००४ सालची आहे. आप्पा तेव्हा ६८ वर्षांचे होते.

त्याच्या आधीच्या रब्बीत मी सुट्टीवर गेलो तेव्हा ज्वारीचे तास वाकडे पडलेले दिसले. आप्पांची पाभर म्हणजे दोरी लावल्यासारखी सरळ, गावात तिचा दाखला देत. मी दादाला विचारले तर तो म्हणाला, "आता वय झालं त्यांचं." मलाही ते पटले. कणसे भरायच्या वेळी पानांवर चिकटा पडला होता, तोही आप्पांच्या ध्यानात आला नाही. मी भिंग घेऊन पानाच्या मागचा मावा मोजला, औषध सांगितले आणि परत कामावर गेलो. पानाला भिंग लावले, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे माझे लक्ष गेले नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नव्हे.

गुढीपाडवा झाला आणि दादाचा निरोप आला की तातडीने ये. गेलो तो घरात निराळेच वातावरण. आप्पांनी वाटणीचे काढले होते. अक्षय तृतीयेच्या आत जमीन दोघांच्या नावावर करायची, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवायच्या, असा हट्ट. कारण विचारले तर सांगेनात. दादा माझ्याशी धड बोलेना. वहिनींनी तर आईजवळ म्हणून टाकले होते, "भावजींनीच आप्पांच्या कानात भरलं असणार, नोकरीवाल्याला रान इकून शहरात घर घ्यायचं असंल." माझ्या मनातही नसलेली गोष्ट! रागाच्या भरात मीही दोन शब्द वाढवून बोललो. विहीर एक, तिच्यातले पाणी उन्हाळ्यात तासा-दोन तासांचे. ती वाटली की दोघांचेही अर्धे रान कोरडे राहणार, हे मला आणि दादाला दोघांनाही कळत होते. पण एकदा वाटणीचा शब्द घरात आला की जो तो आपल्या हिश्शाचा विचार करू लागतो. तसे आमचे झाले.

त्या रात्री लोडशेडिंगमुळे वीज नव्हती. चंद्र उशिरा उगवणार होता. आप्पा अंगणात बाजेवर पडले होते, मी खाली घोंगडीवर. काय बोलावे ते सुचेना. उत्तरेला बाज वर आलेली होती. मी आपले काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "आप्पा, चोराचं पोर दिसतंय का हो?"

बराच वेळ उत्तर आले नाही. मग म्हणाले, "न्हाई दिसत. दिवाळीपासनं न्हाई दिसत."

मी उठून बसलो.

"लई रात्री बगितलं," ते म्हणाले. "पोथीत ऐकलंय मी. अरुंधती दिसंनाशी झाली की माणसाजवळ सहा म्हयनं राहत्यात. म्हणून म्हणतो, माझ्या डोळ्यादेखत वाटणी हून जाऊ दे. माझ्या मागं तुमी दोघं भांडाल, त्ये मला नगं."

तर हे कारण होते! दिवाळीपासून हा माणूस रोज रात्री एकटा आभाळाकडे बघून आपले दिवस मोजत होता आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. पोथीतला हा समज जुना आहे, मरण जवळ आले की ध्रुव आणि अरुंधती दिसत नाहीत असे जुन्या लोकांनी लिहून ठेवले आहे. त्यांना मी हसणार नाही. ज्या काळी चष्मा नव्हता, मोतीबिंदूचा चांगला इलाज नव्हता, त्या काळी नजर गेलेला म्हातारा विहिरीत पडायचा, त्याचा पाय सापावर पडायचा. तो फार दिवस काढत नसेल, हे त्यांनी बघितलेले असणार. पण त्यांनी खूण म्हणून सांगितले ते आपण निकाल म्हणून धरून बसलो.

मी हळूहळू विचारत गेलो. मोटारसायकलचा दिवा समोरून आला की काय होते? "डोळ्यावर पांढरं पसरतं." बाजेचे खूर दिसतात का? "त्ये दिसत्यात, पर धुक्यातनं बगितल्यावानी." मग दिवाळीच्या पेरणीतले वाकडे तास आठवले, चिकटा आठवला. मी दादाला हाक मारली, वहिनींना हाक मारली, आणि आप्पांनी मला सांगितले ते सगळ्यांच्या समोर सांगितले. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. दादा काही न बोलता आप्पांचे पाय दाबत बसला.

सोमवारी आम्ही दोघे भाऊ आप्पांना घेऊन बार्शीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. डॉक्टरांनी समजावले की, डोळ्यात जे नैसर्गिक भिंग असते ते वयाबरोबर गढूळ होते, तेवढाच हा आजार. गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. आप्पा म्हणाले, "अजून पिकला नसंल तर थांबू की." ही समजूतही जुनी. पूर्वी मोतीबिंदू पिकू द्यायचे, आता त्याची गरज नाही. कामाला अडचण होऊ लागली की काढता येतो. आठवड्याच्या आत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. अक्षय तृतीया आली आणि गेली, वाटणीचा विषय कोणी काढला नाही.

वैशाखाच्या शेवटच्या अंधाऱ्या रात्रींत आप्पांनी स्वतःहून मला बोलावणे पाठवले. मी गेलो तेव्हा सगळे घर अंगणात. डावा डोळा हाताने झाकून आप्पा उत्तरेकडे बघत होते. आम्ही सगळे गप्प. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "हाय. पोर हाय तितंच हाय." बस्स, एवढेच. लगेच आईला म्हणाले, "पाभरीचं फण बगून ठिवाय पायजेत, मिरग जवळ आला."

दुसरा डोळा पुढच्या दिवाळीनंतर झाला. आप्पा आणखी ११ वर्षे जगले. २०१५ साली गेले, तोवर शेती एकत्रच होती. नंतर आम्ही भावांनी वाटणी केली ती बसून, चहा घेऊन केली. विहीर अजून दोघांची एकच आहे.

पुढे मी या ताऱ्यांविषयी पुष्कळ वाचले. ज्याला आपण एक वसिष्ठ म्हणतो तो गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्तेली यांनी १६१७ साली दुर्बिणीतून बघितला तेव्हा एकाचे दोन तारे दिसले. १८८९ साली प्रकाशाचे पृथक्करण करून कळले की त्या दोघांतला एक तारासुद्धा जोडीचा आहे. पुढे दुसराही जोडीचा निघाला. अरुंधतीजवळचा एक मंद सोबती २००९ साली सापडला. म्हणजे वसिष्ठाकडचे चार आणि अरुंधतीकडचे दोन, असे हे सहा जणांचे एकत्र कुटुंब असावे असे शास्त्रज्ञांना वाटते. सप्तर्षींतले मधले पाच तारे आभाळात एकाच दिशेने, बरोबरीने चालले आहेत. दोन टोकांचे क्रतु आणि मरीचि तेवढे निराळ्या वाटेने जातात. हजारो वर्षांनी ही बाज मोडेल, पण त्याची चिंता आपण करायची नाही.

वसिष्ठ आणि अरुंधती आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज रात्री जो उजेड तुमच्या डोळ्यात शिरेल तो तिथून सुमारे ८० वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा आपला हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता आणि आमचे आप्पा गुरांमागे फिरणारे लहान पोर होते.

आता माझे सांगणे. चांदणे नसलेल्या रात्री, अंगणातला दिवा मालवून, घरातल्या थोरांना बाहेर आणा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत संध्याकाळी सप्तर्षी चांगले दिसतात, पावसाचे ढग नसले म्हणजे झाले. डोळ्यांना दहा मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या. एकदम अरुंधती दाखवू नका. आपल्या जुन्या शास्त्रात 'अरुंधती न्याय' आहे, शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा दाखला दिला आहे. आधी जवळचा मोठा तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने बारीक तारा. आम्ही विस्तारवालेही हेच करतो, शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून नव्या गोष्टीकडे नेतो. तेव्हा आधी बाज दाखवा, मग तीन चोर, मग मधला चोर, आणि शेवटी विचारा की त्याच्याजवळ काही दिसते का. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. या दोघांमधले अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे, पण ज्याची नजर साफ आहे त्याला तारे निराळे दिसतात.

दिसले नाही तर घाबरू नका आणि पोथीही काढू नका. धूळ असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, मोतीबिंदू असेल. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया होतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि दिसले म्हणून निर्धास्तही राहू नका. काचबिंदूसारखा आजार गुपचूप येतो, तो ताऱ्याने कळत नाही. चाळिशी उलटली की अधूनमधून डोळे तपासून घ्यावेत हे बरे.

आणि आणखी एक. तुमच्या घरातले म्हातारे माणूस अचानक वाटणीचे, देण्याघेण्याचे बोलू लागले, उगाच हट्टाला पेटले, तर कोणी कोणाच्या कानात भरले हे शोधत बसण्याआधी एक रात्र त्यांच्या बाजेजवळ घोंगडी टाकून पडा. वीज गेली असेल तर जाऊ द्या. आधी आभाळाचे बोला, मग ते आपल्या मनातले सांगतील.